त्या दिवशी शेळी कुठं होती, किसना?

किसना, ये इकडं. असा दारात उभा राहू नको, जवळ ये. उजवा कान माझ्याकडं कर, डावा तर तुझा गिरणीनंच खाल्ला. बस या पाटावर. आता सांग मला, दसरा झाला, दिवाळी तोंडावर आली, आणि अशा वेळी कोणी उठून जातं का? भाजणीचे डबे तुझ्या गिरणीत रांगेनं लागलेले, आणि गिरणीचा मालक स्टुलावर बसल्या बसल्या चालता झाला. बायका बिचाऱ्या ताटकळत उभ्या. त्यांना वाटलं, डोळा लागला. पट्टा फिरून राहिला, पीठ पडून राहिलं. "किसनदादा, पीठ लई गरम येऊन राहिलं हो," असं एकीनं दोनदा सांगितलं म्हणे. तू आयुष्यात पहिल्यांदा बाईमाणसाला उलट उत्तर दिलं नाहीस, तेव्हा कुठं त्यांना शंका आली.

एवढा गावभर ओरडणारा माणूस, आणि जाताना हूं की चूं नाही. हे काय शोभलं तुला?

तू कुठं जन्मलास, किती शिकलास, तुला कुठं नारळ आणि शाल मिळाली, हे लिहायला बाकीचे आहेत. परवा मैदानावर सभा झाली, तिथं एक जण तुला "मराठवाड्याचा बुलंद आवाज" म्हणाला. ऐकलं असतंस तर पुढचे सहा महिने तू जमिनीवर आला नसतास. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला भांडायचंय. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, आणि तुझ्या तेराव्याला मला जे कळलं, त्यानंतर ते अर्धं भांडण माझ्या एकटीला पेलवत नाही. पण ते सगळं क्रमानं सांगते. तू मधे बोलू नको.

तुझा आवाज काही देवाचा नव्हता, गिरणीचा होता. आपल्या गावी, साखऱ्यात असताना तू चांगला हळू बोलायचास. तुझ्या दाजींनी तुला इथं कळमनुरीला आणलं, मैदानाच्या कडेला गिरणी टाकून दिली, आणि दोन वर्षांत तुझा गळा पार फाटला. दिवसभर त्या धडधडीच्या वर ओरडायचं. "ज्वारी कोणाची? हरभरा मागं ठेवा! माय, तुमच्या गव्हाच्या आधी मका गेला तर चालंल का?" संध्याकाळी गिरणी बंद करायचास, आवाज बंद करायचं तुझ्या ध्यानात राहायचं नाही. वत्सलाला बघायला गेलो होतो, आठवतं? पोरगी पोहे घेऊन आली. तू अगदी लाजून, मान खाली घालून, हळूच विचारलंस, "नाव काय?" गोठ्यातली म्हैस धडपडून उठली, आणि आतल्या खोलीतून तिच्या बापानं घाबरून स्वतःचं नाव सांगितलं. तरी त्यांनी पोरगी दिली. वत्सला म्हणायची, सासू बहिरी असली की नवरा असलाच बरा.

मयतीला गेलो की मी तुझ्या शेजारी बसायची नाही. तू कुजबुजायचास, "अक्का, म्हातारा तसा चिकटच होता," आणि चार घरं सोडून कोणीतरी म्हणायचं, "व्हय, व्हय, लई चिकट!"

पण त्या आवाजाचं खरं सोनं झालं ते हॉकीवर. आता बाहेरच्या माणसाला सांगितलं तर पटत नाही, आमच्या भागात हॉकी कुठून आली म्हणून. हिंगोलीला निजामाच्या वेळी छावणी होती, तिथल्या शिपायांचा हा खेळ. शिपाई गेले, काठ्या राहिल्या. तिथं शिकलेले पीटीचे सर इथल्या शाळेत आले, आणि आमच्या पोरांच्या हातात बाभळीच्या वाकड्या फांद्या आल्या. शाळेनं खऱ्या स्टिका पुढं आणल्या. दरवर्षी ज्वारी हुरड्यावर आली की सामने. शिरड शहापूरचा संघ यायचा, हिंगोलीचा यायचा, आपला तर होताच.

माईकवर तेव्हा मराठीचे एक मास्तर असायचे. ते इतकं शुद्ध बोलायचे की गोल झाला हे लोकांना टाळ्या ऐकून कळायचं. एका वर्षी ऐन सामन्यात त्यांचा घसा बसला. पीटीचे सर पळतच गिरणीत आले.

"किसनराव, चला माईकवर."

"सर, मला हॉकीतलं काही कळत न्हाई."

"ज्याला कळतं ते सगळे खेळून राहिलेत. तुमी फक्त ओरडा."

तू गेलास तसाच. डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरा, भुवयासुद्धा. लोक म्हणाले, सर भूत पकडून आणून राहिले का काय. माईक हातात घेतलास, समोर बघितलंस, तर इतकी पोरं पळून राहिली आणि एकाचंही नाव तुला ठाऊक नाही. पोरं ओळखीची होती. सायकलला डबा बांधून गिरणीत येणारी तीच पोरं. पण तू पोराला नाव कधी विचारलंच नव्हतंस. डबा कोणाचा, एवढंच विचारायचास. तेवढंच तुला ठाऊक होतं, आणि तेवढ्यावर तू सुरू झालास.

"चेंडू निघाला हो! पितळी डब्याच्या शांताबाईचा पोरगा चेंडू घेऊन निघाला. त्याच्या मागं बाजरीवाल्या कमलबाईचा. शांताबाईच्या पोरानं दिला, कमलबाईच्या पोरानं घेतला, अरे बारीक दळलं, बारीक दळलं! गोऽऽल! शांताबाई, गोल झाला हो तुमचा!"

मी तेव्हा भाकरी थापत होते. कडुनिंबावरच्या भोंग्याचं तोंड नेमकं आमच्या गल्लीकडं. शांताबाई शेजारच्या अंगणात धुणं आपटत होती. भोंग्यातून आपलं नाव ऐकलं आणि तिची मोगरी हवेतच राहिली. "अगं माय, मी काय केलं?" म्हणाली. तिला वाटलं, दळणाचा काही घोळ झाला. तोपर्यंत आमच्या गल्लीत बाईचं नाव इतक्या मोठ्यानं घेतलं जायचं ते फक्त भांडणात. दुसऱ्या दिवसापासून बायका गच्चीवर जमायला लागल्या. वाळवणाचं निमित्त करून. हिवाळ्यात कसली वाळवणं, किसना? पण प्रत्येकीच्या हातात सूप.

मैदानावर बायका येत नव्हत्या. मीसुद्धा नाही. आमचा सामना गच्चीवरून, कानानं. कोणाचं नाव आलं की ती पदर सावरायची, जशी काही तीच पळून राहिली.

बापांना राग आला. येणारच. पाच-सहा जण मिशांना पीळ देत गिरणीत आले. "किसन, पोरगं आमचं बी हाय. बापाचं नाव काहून घेत न्हाई?"

तू पट्ट्याला मेण लावत होतास. मान वर न करता म्हणालास, "दादा, तुमी कधी दळण घेऊन आलात का? मी वळखत न्हाई तुमाला."

पुढच्या आठवड्यात दोन बाप डोक्यावर डबा घेऊन रांगेत उभे होते. त्यातला एक हरभऱ्याच्या आधी बाजरी टाकू का म्हणून विचारत होता आणि बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मग ती पेनल्टी. कमलबाईच्या पोरानं चेंडू गोलाबाहेर मारला आणि तू भोंग्यावर सांगितलंस, "कमलबाईच्या पोरानं घालवला!" झालं. कमलबाईनं त्याच संध्याकाळी आपला डबा उचलला आणि चौकातल्या गिरणीत नेला. तिच्या मागोमाग तिची जाऊ, जावेच्या मागं जावेची विहीण. अर्धी गल्ली चौकात. वत्सला तुला म्हणाली, "असंच खरं बोलत राहिलात तर आपण पीठ विकत आणून खाऊ."

तेव्हापासून तुझ्या मैदानावर पोरगं कधी चुकलं नाही. चुकला तो चेंडू. "चेंडूनं ऐन वेळी तोंड फिरवलं हो!" चुकला तो वारा, चुकला तो सूर्य, चुकला तो दगड. आणि एकदा खरीखुरी शेळी मैदानात घुसली, तिथून तर तुला घबाडच सापडलं. पुढची कितीतरी वर्षं जो पास हुकला तो शेळीमुळं. "शेळी आडवी आली, नाहीतर गोलच होता!" आम्ही गच्चीवर बसून म्हणायचो, बिचारी कोणाची आहे ही शेळी, तिला चारा-पाणी कोणी करतं की नाही. पीटीचे सर एकदा तुला म्हणाले, "किसनराव, तुमच्या कॉमेंट्रीत माझी पोरं कधीच चुकत नाहीत. मी त्यांना शिकवू काय, शेळीला शिकवू?"

तू म्हणालास, "सर, चूक तुमी त्याच्या कानात सांगा. गावाला मी सांगतो ते सांगू द्या."

एकदा अर्ध्या सामन्यात लाइट गेली, तीही कोणाला कळली नाही. भोंगा बंद, माईक बंद, तू चालू. सामना संपल्यावर भोंगेवाल्यानं तार गुंडाळताना विचारलं, "दादा, माझं भाडं अर्धं देणार का पुरं?" तेव्हा तुला समजलं.

हे सगळं आठवलं की हसू येतं, किसना. वत्सला आणि मी परवा हसत बसलो होतो आणि भेटायला आलेल्या बायका दारातूनच परत जायला निघाल्या. त्यांना वाटलं, घर चुकलं.

आता त्या दिवसाचं सांगते. उठू नको. बस.

माझा सुधाकर तेव्हा दहावीत, आपल्या संघाचा गोलकीपर. शिरड शहापूरच्या संघाशी शेवटचा सामना. मी सकाळपासून बेसनाचे लाडू वळून ठेवलेले. गच्चीवर सगळ्या जमलेल्या, मी मधे, आई म्हणून मानानं. एकेक गोल दोन्हीकडं. सामना संपत आलेला. भोंग्यातून तुझा श्वास ऐकू येत होता. "शिरडचा पोरगा डीमधी घुसला, मारलाऽऽ," आणि तू थांबलास. तू कधी थांबायचा नाहीस. एवढा वेळ तू थांबलास की शांताबाईनं माझा हात धरला. मग आवाज आला, "गोल. सुमनअक्काच्या सुधाकरनं सोडला."

बस. चेंडूनं तोंड फिरवलं नाही. वारा नाही, ऊन नाही. सुमनअक्काच्या सुधाकरनं सोडला. सगळ्या कळमनुरीनं ऐकलं.

मी लाडवाचं ताट शांताबाईच्या मांडीवर ठेवलं आणि तशीच उतरले. पायात चप्पल नाही, हाताला बेसन. आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर पाय ठेवला तो असा. गर्दी बाजूला झाली. तुझ्या त्या बाजेच्या मंचासमोर उभी राहिले.

"किसन्या!"

"अक्का? तू? हितं?"

"शेळी कुठंय?"

"कोणती शेळी?"

"जी दर साली असती ती! साऱ्या गावाची पोरं चुकली तवा तुझी शेळी पळत येत व्हती. माझ्या लेकराच्या वक्ताला एक कुत्रंसुद्धा आडवं आलं न्हाई?"

"अक्का, गोल व्हता."

"गोल असू दे! सुधाकरचं नाव काहून घेतलं?"

"घरचं लेकरू हाय, अक्का."

"म्हणून?"

"म्हणून घेतलं."

मग माझा तोल गेला. "लहानपणी साखऱ्याच्या आडावर तू चड्डी विसरून आलास, तवा सगळ्या गल्लीतून तुला परकराआड झाकून घरी कोणी आणलं? मी तुला झाकलं, आन तुला माझं एक लेकरू झाकता आलं न्हाई?"

तेवढ्यात दिसलं की पीटीचे सर दोन्ही हात हलवून काहीतरी खुणावून राहिलेत. माईक चालू होता. तुझ्या हातात, आपल्या दोघांच्या मधे, पहिल्यापासून चालू. त्या दिवशी आठवडी बाजार. लोक सांगतात, मिरचीचा सौदा करणारी माणसं हात तसेच धरून भोंग्याकडं बघत होती. कप शिरडला गेला. पण लोकांनी वर्षभर आठवण काढली ती तुझ्या चड्डीची.

सुधाकर घरी आला, चार भाकरी खाल्ल्या आणि निवांत झोपला. मला वाटलं, लेकराला धक्का बसलाय. शाळेत पोरं त्याला महिनाभर चिडवायची, हा हसायचा. मी रडायची, हा म्हणायचा, "जाऊ दे ना आई." मला वाटायचं, किती सोसतं माझं पोरगं.

मी माझा डबा चौकातल्या गिरणीत नेला. तिथलं पीठ म्हणजे निम्मी वाळू. तुझे दाजी रोज जेवताना एक घास चावायचे आणि माझ्याकडं बघायचे. शेवटी म्हणाले, "भांडण तुझं न् तुझ्या भावाचं. दात माझे काहून झिजून राहिले?" पोळ्याच्या आधी वत्सला स्वतः आली, माझा डबा उचलला आणि आपल्या गिरणीत घेऊन गेली. दळणाचं भांडण तिथं मिटलं.

त्या वाक्याचं मिटलं नाही. दर भाऊबीजेला तुला पाटावर बसवायचं, ताट हातात घ्यायचं, निरांजन लावायचं, आणि ओवाळायच्या आधी विचारायचं, "आधी सांग, चूक कोणाची होती?"

तू म्हणायचास, "अक्का, वारं सुटलंय. दिवा विझंल."

दारं-खिडक्या बंद असायच्या. पंखासुद्धा बंद. तरी तुझं वारं सुटलेलंच. मग मी रागानं भराभर ओवाळायची, तू हसायचास, ताटात ओवाळणी टाकायचास, आणि पुढच्या वर्षापर्यंत तो विषय शिंक्यावर.

मागल्या भाऊबीजेला मात्र तू वेगळंच बोललास. "अक्का, यंदा ओवाळणीत एक चीज टाकणार हाय तुझ्या ताटात." आणि खरंच तोंड उघडलंस. मी म्हणाले, "आधी लाडू खा, मग बोल." तू लाडू तोंडात टाकलास, तेवढ्यात शांताबाई आली, तिच्या सुनेचं बाळंतपण निघालं, मग तिच्या व्याह्याचं घर निघालं, आणि मी बोलत बसले. तू लाडू खाल्लास, माझ्याकडं बघून हसलास आणि उठून गेलास. मी तुला दारातून ओरडून विचारलंसुद्धा, "चीज काय होती रे?" तू हात हलवलास. पुढल्या वर्षी म्हणून.

तेराव्याला पंगत बसली होती. तांड्यावरची शेवंताबाई आली. तुला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांना सांगते, तिचा विलास सुधाकरच्या संघात फुलबॅक होता, गोलकीपरच्या पुढं उभा राहणारा. खेळाच्या जोरावर तो पोलिसात लागला. तोही आला होता, साध्या कपड्यात, आईच्या मागं मान खाली घालून उभा. शेवंताबाई माझ्याजवळ बसली, माझा हात आपल्या हातात घेतला. तिच्या बांगड्यांचा आवाज झाला तसं मी वर बघितलं.

"अक्काबाई, आज सांगून टाकते. तो चेंडू आमच्या इलासच्या काठीला लागून वळला व्हता. तुमचं लेकरू बराबर उजवीकडं गेलं व्हतं. चेंडू डावीकडं गेला तो आमच्यापायी."

मी विलासकडं बघितलं.

"व्हय, अक्का," तो म्हणाला. "धुळीत कोणाला दिसलं न्हाई. मंचावरून किसनमामाला दिसलं."

"याच्या बापानं सकाळीच सांगितलं व्हतं," शेवंताबाई म्हणाली. "आज तुझ्यापायी हरले तर काठी चुलीत, आन तू उद्यापासून माझ्यासंगं कामावर. बाप तिथंच उभा व्हता, भोंग्याच्या खाली."

"मग शेळी?" मी विचारलं. तेराव्याच्या पंगतीत मी शेळी विचारत होते, किसना. "वारा? काहीतरी सांगायचं."

विलास म्हणाला, "बक्षीस द्यायला मोठे पाहुणे आले व्हते, अक्का. मैदान झाडून घेतलं व्हतं. शेळी न्हाई, कुत्रं न्हाई, दगड न्हाई. वारं तर इतकं बंद की धूळ जागेवर उभी. मामा काय सांगणार?"

म्हणून तू थांबला होतास. भोंग्यावर तो जो श्वास ऐकू आला, त्यात तू शेळी शोधत होतास, आणि ती सापडली नाही.

विलास सामना संपल्यावर गिरणीच्या मागं जाऊन बसला होता म्हणे. तू त्याला तिथं गाठलंस. आपल्या भांडणानंतर, चड्डीचं गावभर झाल्यावर. आणि त्याला म्हणालास, "पोरा, चूक कुठंतरी ठेवावी लागती. रस्त्यावर ठेवली की कोणाच्या बी पायात येती. म्हणून मी आमच्या अक्काच्या घरी ठेवली. अक्का बोंबलंल लई, पण घराबाहेर काढणार न्हाई."

सुधाकर पंगतीत भात वाढत होता. मी तिथूनच हाक मारली. "सुध्या! तुला ठाऊक व्हतं?"

त्यानं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "व्हय."

"इतके साल? मला काहून सांगितलं न्हाई?"

"आई, तुला सांगणं म्हंजे भोंग्यावर सांगणं. मामाच म्हणले, सुधाकर, तू आन मी गप राहू. अक्काला मी सांगीन, वेळ आली की. ओवाळणी म्हणून टाकीन तिच्या ताटात."

सगळी पंगत हसली, किसना. तुझ्या तेराव्याला. वत्सला आतून हसली. मी पण हसले, आणि हसता हसता मला तुझं ते लाडू खातानाचं तोंड आठवलं, आणि मग शेवंताबाईनं मला धरून आत नेलं.

आता माझी अवस्था बघ. ज्याच्यावर इतकी वर्षं रागावले, तो राग आता कुठं ठेवू? गावानं माझ्या लेकराला चिडवलं, ते तू होऊ दिलंस. ते मला अजून पटलेलं नाही, आणि तू समोर असतास तर मी अजून दोन गोष्टी सुनावल्या असत्या. एकाला झाकायला दुसऱ्याला उघडं करायचं, हा कुठला न्याय? पण मग असंही मनात येतं, एवढ्या मोठ्या गावात त्या क्षणाला तुला एकच घर आठवलं. जिथं टाकलेलं मोडणार नाही, असं घर. ते माझं होतं. आडावरून तुला परकराआड आणलं, ते तू भोंग्यावर ऐकून लाजला नव्हतास बहुतेक. तू म्हणाला असशील, व्हय, त्याच परकराआड अजून एकाला आणलंय, अक्काला अजून ठाऊक नाही.

तुझी गिरणी चालू झाली परवा. वत्सला बसते. आवाज नाही तिला, बायकांना पुन्हा पुन्हा विचारावं लागतं, "काय म्हणली?" भाजणीचे डबे संपत आलेत. माझा डबा तिनं सगळ्यात पुढं घेतला, रांग मोडून.

आणि भाऊबीज आली. शांताबाई म्हणते, भाऊ नसला की चंद्राला ओवाळायचं, तशी रीतच आहे. चंद्राला? तो बीजेचा चंद्र, नखाएवढा. दिवस मावळताना जरा टेकतो आणि जातो. बोलत नाही, चालत नाही. त्याच्याशी मी काय भांडू? त्याला लाडू तरी देता येईल का?

तर असं कर, बीजेला ये. दिवस मावळायच्या आत ये, म्हणजे चंद्राकडं बघायची पाळी येणार नाही. पाट मांडून ठेवते. तुझ्या उजव्या अंगाला बसते. शांताबाईला सांगून ठेवलंय, त्या दिवशी सुनेचं नाव घेऊन दारात यायचं नाही. लाडू मागाहून देते, आधी तू बोल. मी मधे बोलणार नाही. बरं, एखादा शब्द बोलेन, तेवढा सोस. मला सगळं कळलंय, तरी तुझ्या तोंडून ऐकायचंय. ओवाळणी तू कबूल केली होतीस, ताट मी रिकामं धरून बसणार आहे. दारं-खिडक्या सगळ्या उघड्या ठेवते यंदा. दिवा विझला तर विझू दे, मी परत लावीन. लवकर ये, किसना.